जाताना साडेसहा तास, येताना चोवीस?

शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच न्यूजर्सीला निघाल्या होत्या. तिकिटाचा कागद हातात आल्यावर त्यांनी बोटांवर हिशेब केला. मुंबईहून रात्री १ वाजता सुटणार, न्यूअर्कला, म्हणजे न्यूयॉर्कला खेटून असलेल्या न्यूजर्सीतल्या विमानतळावर, सकाळी ७:३० ला पोचणार. म्हणजे साडेसहा तास. एसटीनं कोल्हापूर गाठायला याहून जास्त लागतात. मग पान उलटलं. परतीचं विमान सकाळी ११ ला सुटणार आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला उतरणार. चोवीस तास! "येताना कुठून फिरवून आणतात हो हे?"

काकूंची वजाबाकी बरोबर होती, घड्याळं मात्र दोन होती. तिकिटावरची प्रत्येक वेळ ज्या त्या गावची असते. सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोचण्याची पोचण्याच्या गावची. भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. म्हणून आपल्यात आणि त्यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा. काकूंचा प्रवास मे महिन्यातला. जाताना साडेसहात साडेनऊ मिळवायचे, झाले १६. येताना चोविसातून साडेनऊ वजा करायचे, उरले साडेचौदा.

(हा अर्धा तास लोकांना नेहमी खटकतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर धरलेली आहे. साडेब्याऐंशीला पंधरानं भागलं की साडेपाच येतात. मुंबईनं ही वेळ सहजासहजी पत्करली नव्हती. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी मुंबई १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' धरून होती.)

घड्याळाचा घोळ इथं मिटला. पण काकूंचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. जायला १६ तास आणि यायला साडेचौदा, असं का? दोन्ही गावं जागची हलत नाहीत. त्यात नेटवर 'मुंबई न्यूयॉर्क अंतर' असं टाकलं की एखादं संकेतस्थळ सांगतं, साडेबारा हजार किलोमीटर, उड्डाणाला १४ तास. हे १४ तर कुठल्याच तिकिटावर सापडत नाहीत.

दोरा घ्या

आधी हे साडेबारा हजार कुठून आले ते बघू. त्यासाठी घरात पृथ्वीगोल हवा. नसेल तर मुलांच्या शाळेतला आठवा. एक दोरा घ्या, त्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. सैल दोरा कुठंही लोंबकळेल, पण ताणला की तो आपोआप सगळ्यांत जवळच्या रस्त्यावर जाऊन बसतो. आता त्याच्या खाली कोणते देश आले ते बघा.

इथं बहुतेकांना धक्का बसतो. अमेरिका पश्चिमेला, म्हणून आपल्या मनातलं विमान अरबी समुद्र ओलांडतं, मग अरबस्तान, मग आफ्रिकेचा वरचा भाग, मग अटलांटिक. दोरा मात्र मुंबईहून निघतो तो जवळजवळ उत्तरेकडे तोंड करून. उत्तरेपासून पश्चिमेला फक्त २७ अंश कललेला. कच्छ, सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वेतलं ट्रॉन्धाइम, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्रॉडॉर आणि शेवटी मेन राज्यावरून न्यूयॉर्क. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. आर्क्टिक वृत्त साडेसहासष्ट अंशांवर आहे, म्हणजे थोडक्यात हुकतं.

आता भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीनं रेघ मारा. ती ओमान, सौदी अरेबिया, इजिप्तमधलं लक्सर, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्कोतलं माराकेश अशी जाते. डोळ्यांना हीच सरळ दिसते. पण या रेघेवरून खरोखर उडालं तर १४,२०० किलोमीटर होतात. दोऱ्याच्या रस्त्याहून तब्बल १,७०० जास्त! नागपूरहून मुंबईला जाऊन परत यावं, एवढी ही जास्तीची वाट.

दोष नकाशाचा आहे. आपण जो नकाशा बघत मोठे झालो, त्याची पद्धत मर्केटर नावाच्या नकाशाकारानं १५६९ मध्ये आणली, आणि ती जहाजवाल्यांच्या सोयीसाठी होती. होकायंत्राचा काटा एकाच कोनावर धरून जहाज हाकलं तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेघ दिसते. त्या सोयीची किंमत म्हणून उत्तरेचे आणि दक्षिणेचे प्रदेश ताणून रुंद करावे लागले. संत्र सोलून बघा. फोडी मधे जाड असतात आणि वर देठाशी निमुळत्या होत एकत्र येतात. पृथ्वीची रेखावृत्तंही तशीच. विषुववृत्तावर पूर्ण फेरी मारायची तर ४०,००० किलोमीटर. ६० अंश उत्तरेला तीच फेरी निम्म्यात, २०,००० किलोमीटरमध्ये होते. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत जवळजवळ १४७ रेखांश ओलांडायचे आहेत. ते फुगीर भागात ओलांडण्यापेक्षा देठाकडे जाऊन ओलांडलेले परवडतात. उत्तरेला चढण्याचा खर्च वजा करूनही शिल्लक उरते.

या ताणलेल्या दोऱ्याला भूगोलात बृहद्वृत्ताचा तुकडा म्हणतात. शाळेच्या पुस्तकात 'विषुववृत्त म्हणजे बृहद्वृत्त' असं पाठ केलेलं आठवत असेल. ते खरं आहे, पण अर्धंच. पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं कोणतंही वर्तुळ हे बृहद्वृत्तच, मग ते कितीही तिरकं असो. जगातल्या कुठल्याही दोन गावांमधून असं एक वर्तुळ जातंच, आणि त्याचा धाकटा तुकडा म्हणजे त्या दोन गावांमधलं कमीतकमी अंतर.

अंतराचं गणितही मग सोपं होतं. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं आणि सुमारे ४०,००० किलोमीटरचं, म्हणजे एका अंशाला १११ किलोमीटर. मुंबई विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जेएफके यांच्यात पृथ्वीच्या केंद्रापाशी सुमारे ११२.७ अंशांचा कोन होतो. गुणाकार केला की साडेबारा हजार. न्यूजर्सीतलं न्यूअर्क पंधराएक किलोमीटरनं पुढे, बाकी फरक नाही. हे ४०,००० असं गोळाबेरीज दिसतं त्यालाही कारण आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मीटर ठरवला तेव्हा उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर असं ठरलं होतं. म्हणजे पाव फेरी १०,००० किलोमीटर. वैमानिकांचं माप वेगळं, सागरी मैल. अंशाचे साठ भाग केले की एक कला, आणि एका कलेला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. कोन मोजला की अंतर आपोआप हातात येतं. म्हणून तर हे माप अजून टिकून आहे.

तो कोन अक्षांश-रेखांशांवरून काढायला त्रिकोणमिती लागते. त्या सूत्रात जागोजागी येणारा 'साइन' मूळचा आपल्याकडचाच. आर्यभटानं ज्याला 'ज्या' म्हटलं, म्हणजे धनुष्याची दोरी, तोच शब्द 'जीवा' होऊन अरबीत गेला, तिथं अक्षरांच्या वाचनात घोटाळा होऊन 'जैब' झाला, आणि जैब म्हणजे कपड्याची घडी म्हणून लॅटिनमध्ये त्याचं 'सायनस' केलं. दोऱ्यापासून निघालेलं गणित पुन्हा दोरीपाशीच येतं, हे मला फार आवडतं.

दोन संकेतस्थळं दहा-पंधरा किलोमीटरनं वेगळे आकडे देतात त्यात कोणी खोटं बोलत नाही. एक पृथ्वीला चेंडूसारखी गोल धरतं, दुसरं ध्रुवांपाशी थोडी चपटी. केंद्रापासून विषुववृत्त ६,३७८ किलोमीटरवर आहे आणि ध्रुव ६,३५७ किलोमीटरवर. आणि ही सगळी मोजणी जमिनीवरची. विमान ११ किलोमीटर वरून जातं, म्हणजे थोड्या मोठ्या वर्तुळावर. त्याचे एवढ्या प्रवासात वीसेक किलोमीटर वाढतात, ते कोणीच धरत नाही.

या रस्त्यानं जातं कोण?

खरं सांगायचं तर कोणी नाही. दोऱ्याला सरहद्दी कळत नाहीत, विमानाला कळाव्या लागतात. कुठल्याही देशावरून उडायचं तर त्याची परवानगी लागते आणि शुल्कही भरावं लागतं. आपल्या दोऱ्याखाली काय आलं होतं ते पुन्हा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. गेल्या काही वर्षांतल्या बातम्यांची यादीच ती.

२०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यापर्यंत. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर अमेरिका-युरोपच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते उघडंच राहिलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्ताननं भारतीय विमानांना पुन्हा दार लावलं आणि मग महिन्यामागून महिना मुदत वाढत गेली. म्हणजे मुंबईहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांपैकी एकाला एक दार बंद, दुसऱ्याला दुसरं. गावं तीच, पण रस्ते वेगळे. भारतीय विमानाला आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकावं लागतं आणि मग उत्तरेला वळावं लागतं. घरबसल्या विमानाचा ठिपका बघणाऱ्यांना तो ओमानकडे जाताना दिसला तर विमान चुकलेलं नाही, वळसा घेतंय.

जुन्या काळी वळशापेक्षा थांबे जास्त होते. ८ जून १९४८ च्या रात्री 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हा करत १० जूनला पोचलं. १४ मे १९६० ला याच कंपनीचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. या कंपनीला मधे कुठंही न थांबता मुंबई ते न्यूयॉर्क जायला २००७ साल उजाडावं लागलं. वेग तेवढ्यात वाढला असं मुळीच नाही. ७०७ आणि आजचं विमान साधारण सारख्याच वेगानं उडतात. बदलली ती इंजिनाची भूक. कमी इंधन पिणारी इंजिनं आली म्हणून एका टाकीत साडेबारा हजार किलोमीटर बसले.

टाकी तरी केवढी? बोइंग ७७७-३०० ईआर मध्ये सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं. लांबच्या उड्डाणाला निघताना विमानाच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता इंधनाचा असतो. पोटभर जेवलेल्या माणसाला जिना चढवत नाही, तसं हे विमान सुरुवातीला फार वर जाऊ शकत नाही. आधी एकतीस-बत्तीस हजार फुटांवर राहतं, इंधन जळून हलकं झालं की दोन हजार फूट वर, पुढे आणखी दोन हजार. समोरच्या पडद्यावर उंचीचा आकडा काही तासांनी बदलतो तो यामुळे.

वारा

आता मुख्य मुद्दा. आधी एक गैरसमज बाजूला करू, कारण तो सुशिक्षित घरांतही हमखास भेटतो: "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून अमेरिकेला जाताना ती आपल्या पुढ्यात यायला हवी, लवकर पोचायला हवं." धावत्या लोकलमध्ये जागच्या जागी उडी मारून बघा. तुम्ही डब्याच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळत नाही, तिथंच उतरता, कारण उडी मारण्याआधीच तुमच्या अंगात गाडीचा वेग होता. विमानाच्या अंगातही पृथ्वीचा वेग असतो आणि ज्या हवेत ते उडतं त्या हवेच्याही. तसं नसतं तर हेलिकॉप्टरनं जुहूवर नुसतं तरंगत राहायचं आणि तासाभरात खाली अरबस्तान यायची वाट बघायची!

पण पृथ्वीचं फिरणं आडवाटेनं हिशेबात येतंच. विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं धावते. मुंबई १,५८० नं, न्यूयॉर्क १,२७० नं, आणि ६० अंश उत्तरेला तर निम्म्याच वेगानं. संत्र्याच्या देठाकडची फेरी लहान, पण तीही चोवीस तासांतच पुरी करायची, म्हणून तिथं वेग कमी. आता विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढते आणि उत्तरेकडे सरकते. तिच्या अंगात दक्षिणेकडचा जास्तीचा वेग आहे, खालची जमीन मात्र हळू. मग ती हवा जमिनीच्या पुढे पूर्वेकडे धावू लागते. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा जिथं भिडते तिथं हा वारा अरुंद पट्ट्यात एकवटतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमका विमानांच्या वाटेवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे नदीसारखा वाहणारा हा प्रवाह म्हणजे जेट स्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्याची रोजची चाल. हिवाळ्यात थंडी-उष्णतेतला फरक वाढला की तो तीनशेच्याही वर जातो. हिवाळ्यात त्याची एक शाखा उत्तर भारतावर येऊन बसते आणि मॉन्सूनआधी हिमालयापलीकडे सरकते.

याची नीट मोजदाद पहिल्यांदा जपानच्या वासाबुरो ओओइशी यांनी १९२० च्या दशकात केली. तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी वरच्या वाऱ्यांचे वेग टिपले आणि १९२६ मध्ये अहवाल छापला. तो जगाला वाचता यावा म्हणून एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिला. परिणाम असा की जवळजवळ कोणीच वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर बॉम्ब टाकायला निघालेली अमेरिकी विमानं समोरच्या वाऱ्यानं जागच्या जागी अडल्यासारखी झाली, तेव्हा त्या वाऱ्याची पुन्हा नव्यानं ओळख झाली.

विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नव्हे. प्रवाहाच्या दिशेनं वल्हवणारी होडी आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवणारी होडी, एवढं चित्र पुरे. विमान हवेत ताशी ९०० नं उडतंय असं धरू. वारा नसेल तर १२,५०० किलोमीटरला १३ तास ५३ मिनिटं. हेच ते संकेतस्थळाचे १४ तास! आता वाटभर सरासरी १०० किलोमीटरचा वारा समोरून धरा. वेग उरला ८००, वेळ १५ तास ३७ मिनिटं. तोच वारा पाठीशी आला तर वेग १,०००, वेळ साडेबारा तास.

इथं एक गंमत लपलेली आहे. वारा जाताना जेवढा वेळ खातो तेवढा येताना परत देत नाही. जाताना १ तास ४४ मिनिटं गेली, येताना १ तास २३ मिनिटंच मिळाली. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडतं, पाठच्या वाऱ्यातून चटकन निसटतं. येण्याजाण्याचा एकत्र हिशेब केला तर वारा नेहमी तोट्याचाच.

म्हणून रोज उड्डाणाआधी वाऱ्याचा अंदाज घेऊन रस्ता आखतात, आणि तो सगळ्यांत जवळचा असेलच असं नाही. जाताना जेट स्ट्रीम चुकवायची, येताना तिच्यात शिरायचं. अटलांटिकवर तर विमानांचे समांतर रस्ते रोज नव्यानं आखले जातात. कॅनडाच्या गँडरचं केंद्र आणि युरोपच्या बाजूचं शॅनविक केंद्र मिळून हे काम करतात. (शॅनविक नावाचं गाव शोधू नका. शॅनन आणि प्रेस्टविक या दोन गावांची नावं जोडून ते केलंय.) २०२० च्या फेब्रुवारीत किआरा वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी याला सहा-सात तास लागतात.

जास्त अंतर कापून कमी वेळ लागल्याचं माझं आवडतं उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. हे विमान आधी युरोपावरून आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं ते उलट्या दिशेनं, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० नं जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. सगळी वाट पूर्वेची, वारा पाठीशी. नेटवर शोधाल तर या दोन गावांमधलं अंतर वेगळंच दिसेल, साधारण १२,४०० किलोमीटर, कारण दोरा उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. म्हणजे अंतराचे तीन आकडे, तिन्ही खरे.

जमिनीवरचे तास

तिकिटावर लिहिलेला वेळ हवेतलाच असतो असं नाही. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि पोचल्यावर पुन्हा ठोकळे लागले की बंद. म्हणूनच त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, पुढच्याचं उड्डाण होईपर्यंत थांबणं, उतरल्यावर जागा मिळेपर्यंत ताटकळणं, हे सगळं त्यात आलं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या विमानतळांची आकाशातली गर्दी तर वेगळीच. कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून त्या वेळापत्रकात थोडी मिनिटं आधीच घालून ठेवतात. 'विमान वीस मिनिटं लवकर पोचलं' या घोषणेवर टाळ्या वाजवायला मला म्हणून फारसं जमत नाही.

चढणं-उतरणं हाही वेळेचा खर्च, कारण तेव्हा विमान ९०० च्या वेगात नसतं. साधारण हिशेब असा की हजार फूट उतरायला तीन सागरी मैल हवेत. ३६,००० फुटांवरून उतरायचं तर १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किलोमीटर आधी सुरुवात. उत्तरेकडून मुंबईला येणारं विमान सुरत मागे टाकता टाकताच खाली यायला लागलेलं असतं. प्रवासी तेव्हा कुठे डोळे चोळत असतात.

आता थांबा घेऊन जाणाऱ्या विमानांचं बघा. लोकांना वाटतं लंडनमार्गे किंवा दुबईमार्गे म्हणजे मोठा फेरा. मोजून बघू. मुंबई ते लंडन ७,२१० किलोमीटर, लंडन ते न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७५०. थेट अंतराहून जेमतेम सव्वादोनशे जास्त! दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२०, एकूण १२,९५०. तेही चारशेच्या आसपासच वाढले, म्हणजे हवेतला अर्धा तास. बाकीचे जे चार-सहा तास जास्त लागतात ते खाली उतरणं, दुसऱ्या विमानाची वाट बघणं, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि पुन्हा रांगेतून वर चढणं यांत जातात. पुण्याहून किंवा गोव्याहून निघणाऱ्यांनी तर अंतर बघूच नये, थांब्याची वेळ बघावी. त्यातही फार कमी थांबा स्वस्त म्हणून घेऊ नये. पहिलं विमान समोरच्या वाऱ्यात अर्धा तास अडकलं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही.

घरच्या घरी कुठल्याही दोन गावांचा अंदाज करायचा तर माझी पद्धत अशी. दोऱ्याचं अंतर घ्या, वळशापोटी पाच टक्के वाढवा. पश्चिमेला जायचं असेल तर ८५० नं भागा, पूर्वेला असेल तर ९५० नं, उत्तर-दक्षिण असेल तर ९०० नं. वर जमिनीवरचा आणि चढ-उताराचा अर्धा-पाऊण तास मिळवा. मुंबई-न्यूयॉर्कला हे लावलं तर जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना साडेचौदाच्या आसपास येतात, आणि काकूंच्या तिकिटाशी ते जुळतं. एखाद्या आकड्यावर संशय आला तर एवढं लक्षात ठेवा, की पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत, कारण त्यापुढे दुसऱ्या बाजूनं गेलेलं जवळ पडतं. ठरावीक वेळापत्रकानं, न थांबता जाणाऱ्या विमानांत न्यूयॉर्क-सिंगापूरचं नाव वर्षानुवर्षं पहिलं घेतलं जातं, ते अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर आहे.

काकू गेल्या, नातवाला न्हाऊमाखू घालून सहा महिन्यांनी परतही आल्या. तोवर नोव्हेंबर उजाडला होता, तिकडची घड्याळं तासभर मागे गेली होती आणि परतीचं विमान मुंबईला सकाळी ११ ऐवजी दुपारी १२ ला उतरणार होतं. कंपनीचा तसा निरोपही आला होता. "आता तर पंचवीस तास झाले," असं त्या फोनवर म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.